१९०८ चं लंडन ऑलिम्पिक, डोरांडो आणि ४२.१९५ चं खरं कारण, जरा सविस्तर

प्रश्न असा आलाय की १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये नेमकं काय झालं, राणीच्या हट्टापायी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर झाली हे खरं का, मॅरेथॉनमध्ये पहिला येऊनही बाद झालेल्या इटलीच्या डोरांडो पिएत्रीवर अन्याय झाला का, आणि आजच्या नियमांनी त्याला गोल्ड मिळालं असतं का. मी ॲथलेटिक्समध्ये टेक्निकल ऑफिशियल म्हणून बरीच वर्षं काम करतोय, ट्रॅकवर अंपायर म्हणूनही आणि रोड रेसची मापणी करायलाही, त्यामुळे हा माझा अगदी जवळचा विषय आहे, लांब लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी थोडक्यात. राणीने अंतर वाढवायला लावलं याला आधार नाही, पण राजघराण्याच्या सोयीने स्टार्ट आणि फिनिश ठरले हे खरं. डोरांडोला बाद करणं बरोबर होतं, त्याच्यावर अन्याय झाला तो बाद होण्याआधीच्या दहा मिनिटांत आणि तो पंचांनी केला. आणि १९०८ मधली जवळजवळ सगळी भांडणं एकाच कारणाने झाली असं माझं मत आहे. खेळाडू जगभरातून आले होते, पण नियम आणि पंच दोन्ही यजमानांच्या घरचे होते.

ते कसं झालं ते बघू. ही स्पर्धा मुळात रोमला व्हायची होती. एप्रिल १९०६ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, इटलीकडे तसाही पैशाचा प्रश्न होताच, त्यांनी माघार घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी लंडनने जबाबदारी उचलली. म्हणजे तयारीला दोन वर्षंसुद्धा नाहीत. लॉर्ड डेसबरो प्रमुख होते, हा माणूस स्वतः नायगाराच्या खालचं पाणी दोनदा पोहून गेलेला, खेळातला पक्का. शेफर्ड्स बुशला फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शन भरणार होतं, त्या प्रदर्शनवाल्यांनीच शेजारी स्टेडियम बांधून दिलं, तेच व्हाईट सिटी. त्या स्टेडियमचा आकार नीट डोळ्यासमोर आणा कारण पुढे तो महत्त्वाचा आहे. आत धावण्याचा ट्रॅक, तीन फेऱ्यांत एक मैल, म्हणजे एक फेरी साधारण ५३६ मीटर, आजच्या ४०० पेक्षा खूप मोठी. त्याच्या बाहेरून सायकलिंगचा ट्रॅक. आणि मधल्या मैदानात चक्क १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव. एकाच जागी सगळं, ६० हजारांहून जास्त माणूस बसेल एवढं, आणि हे सगळं इतक्या कमी वेळात उभं केलं. त्या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे, वाद काहीही असोत.

स्पर्धा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालली, पण मुख्य भाग जुलैचा. १३ जुलैला सातव्या एडवर्ड राजाने उद्घाटन केलं, संघ पहिल्यांदाच देशवार आपापल्या झेंड्यामागे चालत आले, आणि पहिल्याच दिवशी झेंड्यावरून वाजलं. स्टेडियमवर अमेरिकेचा आणि स्वीडनचा झेंडा लावायचा राहिला. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात, त्यांनी रशियन झेंड्यामागे चालायला नकार दिला आणि झेंड्याशिवाय चालले. आयरिश खेळाडूंना ब्रिटनच्या नावाने उतरावं लागलं आणि अमेरिकेच्या संघातही आयरिश वंशाचे भरपूर होते, तेव्हा वातावरण कसं असेल बघा. पुढे रस्सीखेचीत लिव्हरपूलच्या पोलिसांनी अमेरिकेला काही सेकंदांत ओढून नेलं, अमेरिकन म्हणाले ह्यांचे बूट बघा, हे साधे बूट नाहीत, ब्रिटिश म्हणाले आमचे पोलीस रोज ड्युटीवर हेच घालतात. तक्रार फेटाळली, अमेरिकेने माघार घेतली. आता बुटाबद्दल कोण बरोबर ते सोडा, पण तक्रार ऐकणारे कोण होते? ब्रिटिशच. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

२३ जुलै, ४०० मीटर फायनल. ह्याच्यावर मी थांबणार आहे कारण मॅरेथॉनची गोष्ट सगळ्यांना माहिती असते, ही कमी जणांना असते आणि पंचाच्या नजरेने हीच जास्त शिकवणारी आहे.

चार जण. ब्रिटनचा लेफ्टनंट विंडहम हॅल्सवेल, सैन्यातला अधिकारी, सेमीफायनलला ४८.४ सेकंदांचा ऑलिम्पिक रेकॉर्ड करून आलेला. समोर तीन अमेरिकन, कार्पेंटर, रॉबिन्स आणि टेलर. लेन नव्हत्या, चौघे एकत्र सुटणार आणि ज्याला जमेल त्याने आतली बाजू धरायची. तिघे मिळून एकाला अडवतील अशी कुजबुज आधीपासून होतीच म्हणून ट्रॅकभर थोड्या थोड्या अंतरावर पंच उभे केले होते. शेवटच्या वळणावरून सरळ रस्त्याला येताना कार्पेंटर पुढे, हॅल्सवेल त्याला बाहेरून ओलांडायला गेला, आणि कार्पेंटर आपला उजवीकडे उजवीकडे सरकत राहिला, इतका की हॅल्सवेल जवळजवळ ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पोचला. डॉ. बॅजर नावाचे पंच होते त्यांनी हात वर करून फाऊल ओरडायला सुरुवात केली, फिनिशवाल्यांनी फीत काढून टाकली, मागून येणाऱ्या टेलरला तर एका अधिकाऱ्याने धरून ट्रॅकबाहेर काढलं. रेस झालीच नाही असं जाहीर. नंतर ट्रॅकवरच्या पावलांचे ठसे तपासले, कार्पेंटर कसा आतून बाहेर तिरपा गेला ते त्यात दिसत होतं.

इथे लोक लगेच म्हणतात अमेरिकन चीटिंग, किंवा ब्रिटिश पक्षपात. माझ्या मते दोन्ही अपुरं आहे. अमेरिकेतल्या तेव्हाच्या पद्धतीत पुढच्या माणसाने रुंद धावून मागच्याला लांबून यायला लावणं हे चालायचं, ती एक डावपेचाची गोष्ट होती. ब्रिटिश नियमात ते सरळ सरळ अडवणं होतं. रेस ब्रिटिश नियमांनी होती, त्यामुळे कार्पेंटर बाद हा निर्णय नियमाला धरूनच होता. पण ज्या पद्धतीने तो झाला ती पद्धत भयंकर होती. रेस चालू असताना ओरडणं, फीत काढणं, धावणाऱ्या माणसाला हाताला धरून बाहेर काढणं. बिचाऱ्या टेलरने काहीच केलं नव्हतं! आज आम्ही नवीन अंपायरला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, की काही दिसलं तर पिवळा झेंडा वर करायचा, जागेवर चिकटपट्टीने खूण करायची, कागदावर लिहायचं आणि रेफरीकडे द्यायचं. तोंड बंद ठेवायचं. रेस पूर्ण होऊ द्यायची, निकाल नंतर. बाद करायचा अधिकार अंपायरचा नाहीच, रेफरीचा आहे. ही जी दोन माणसांत केलेली वाटणी आहे, एक बघणारा आणि एक ठरवणारा, ती किती मोलाची आहे हे १९०८ ची फायनल वाचल्यावर कळतं.

मग कार्पेंटरला वगळून २५ जुलैला पुन्हा रेस ठेवली, या वेळी दोऱ्या लावून लेन आखल्या. रॉबिन्स आणि टेलरने यायला नकार दिला. हॅल्सवेल एकटा धावला, ५० सेकंद, आणि गोल्ड. ऑलिम्पिक ॲथलेटिक्समध्ये एकट्याने धावून मिळालेलं हे एकमेव गोल्ड. त्याला त्याचा आनंद झाला नाही, लवकरच तो स्पर्धेतून बाजूला झाला आणि १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. टेलरने त्याच स्पर्धेत मेडली रिलेचं गोल्ड जिंकलं, ऑलिम्पिक गोल्ड जिंकणारा तो पहिला आफ्रिकन अमेरिकन, आणि त्याच वर्षी डिसेंबरात टायफॉइडने गेला. त्या एका फायनलमधली ही दोन माणसं अशी गेली याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

आता मॅरेथॉन, २४ जुलै, म्हणजे त्या दोन तारखांच्या बरोब्बर मधला दिवस. हे लोक विसरतात, की स्टेडियममध्ये जी गर्दी आणि जे अधिकारी होते ते आदल्या दिवशीच्या भांडणाने आधीच तापलेले होते.

अंतराचं बघा. तेव्हा मॅरेथॉनला ठरलेलं अंतर नव्हतंच, साधारण ४० किलोमीटर एवढाच अंदाज, शहरागणिक वेगळं. लंडनच्या आयोजकांनी स्टार्ट विंडसर कॅसलच्या आवारात ठेवला, राजाची परवानगी घेऊन, कारण तिथे गर्दीचा त्रास नव्हता आणि राजघराण्यातल्या मंडळींना बघता येणार होतं. प्रिन्सेस ऑफ वेल्सने स्टार्टचा इशारा दिला. राणी अलेक्झांड्रा फिनिशला, स्टेडियममध्ये रॉयल बॉक्समध्ये. मार्ग विंडसर, ईटन, स्लाऊ, अक्सब्रिज, हॅरो, वर्मवुड स्क्रब्ज असा. स्टेडियमपर्यंत २६ मैल, आणि आत गेल्यावर एक पूर्ण फेरी मारून रॉयल बॉक्ससमोर संपवायची असा आधीचा बेत. पण ज्या दारातून आत यायचं ठरलं होतं ते राजघराण्याचं दार, ते सोयीचं पडेना, म्हणून समोरच्या बाजूचं दुसरं दार उघडलं. आता तिथून रॉयल बॉक्सपर्यंत यायचं तर फेरी पूर्ण होत नाही, उरलं ३८५ यार्ड, म्हणजे सुमारे ३५२ मीटर. आणि दिशाही बदलली, बाकी सगळ्या रेस घड्याळाच्या उलट धावत होते, मॅरेथॉन मात्र आत आल्यावर घड्याळाच्या दिशेने. तर ४२.१९५ हा आकडा आला तो असा, एका दाराच्या अडचणीतून. अंतर वाढवलं नाही, उलट स्टेडियमच्या आतलं कमी झालं!

आणि या बदललेल्या दिशेचं मला फार वाटतं. कारण डोरांडो आत आला तो चुकीच्या बाजूला वळला. सगळे म्हणतात भ्रमिष्ट झाला होता म्हणून, आणि तो झाला होताच, पण तो ज्या बाजूला वळला ती रोजच्या धावण्याची बाजू होती. उकाड्यात २६ मैल धावून आलेल्या माणसाला तुम्ही नेहमीच्या उलट वळायला लावताय. कोर्स डिझाईन करणाऱ्याने हे टाळायला हवं होतं. आज आम्ही कुठल्याही रोड रेसच्या शेवटच्या टप्प्यात वळण ठेवताना बॅरिकेड असे लावतो की चुकीकडे जायला जागाच राहू नये, कारण त्या वेळी डोकं चालत नसतं, पाय चालत असतात.

डोरांडो इटलीतल्या कार्पी गावचा, मिठाईच्या दुकानात काम करणारा, बावीस वर्षांचा, बुटका. नावनोंदणीत नाव उलटं पडलं म्हणून जगाने त्याला आडनावासारखं डोरांडो म्हटलं. दक्षिण आफ्रिकेचा हेफरॉन बराच वेळ पुढे होता, शेवटच्या टप्प्यात त्याने कोणी दिलेली शँपेन घेतली आणि पोट बिघडलं, डोरांडोने त्याला गाठलं. स्टेडियममध्ये पहिला आला तो डोरांडो. वळला उलटा, पंचांनी परत फिरवला, पडला. उठवला, पडला. असं चार-पाच वेळा, आणि त्या ३५० मीटरला जवळजवळ १० मिनिटं गेली. शेवटी क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे रेसची व्यवस्था बघणारा अधिकारी, जॅक अँड्र्यू आणि डॉ. बल्जर यांच्या आधाराने तो लाईनच्या पलीकडे गेला. तो प्रसिद्ध फोटो बघाल तर अँड्र्यूच्या हातात भोंगा आहे. त्या फोटोतला एक माणूस म्हणजे आर्थर कॉनन डॉईल असं सगळीकडे फिरतं, ते चूक आहे. डॉईल तिथे होते पण प्रेक्षकांत, डेली मेलसाठी लिहायला, आणि नंतर डोरांडोसाठी वर्गणी गोळा करायला त्यांनी पुढाकार घेतला.

वेळ डोरांडो २:५४:४६, अमेरिकेचा जॉनी हेज २:५५:१८, आपल्या पायांनी. पहिल्यांदा झेंडा इटलीचा चढला. अमेरिकेने तक्रार केली आणि ती मान्य झाली, हेजला गोल्ड. दुसऱ्या दिवशी राणीने डोरांडोला स्वतःतर्फे सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा कप दिला. राणीचा या गोष्टीतला खरा भाग हा, अंतराचा नाही.

अजून एक बारकावा जो मला महत्त्वाचा वाटतो. त्या मॅरेथॉनच्या नियमात लिहिलेलं होतं की कोणी स्पर्धक सुरुवातीला किंवा रेसमध्ये कुठलंही औषध घेणार नाही, घेतलं तर बाद. १९०४ च्या सेंट लुईसला थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिकनीन आणि ब्रँडी पाजत पाजत जिंकवलं होतं, चार वर्षांत विचार एवढा पुढे आला. म्हणजे १९०८ चे लोक बेफिकीर नव्हते, नियम लिहिण्याची त्यांना चांगली जाण होती. कमी पडलं ते नियम राबवणारं तटस्थ माणूस.

मग ४२.१९५ कायम कसं राहिलं? लगेच नाही राहिलं. नोव्हेंबर १९०८ मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बंद हॉलमध्ये, डोरांडो आणि हेज पैशासाठी पुन्हा धावले त्याच अंतरावर, डोरांडो जिंकला, आणि अमेरिकेत मॅरेथॉनचं वेडच पसरलं. लंडनलाही पुढच्या वर्षापासून पॉलिटेक्निक क्लबची मॅरेथॉन त्याच अंतराची सुरू झाली. पण ऑलिम्पिकमध्ये १९१२ ला ४०.२ किलोमीटर, १९२० ला अँटवर्पला ४२.७५. आणि इथे आपला संबंध येतो. १९०८ ला भारताचा संघ नव्हता, १९२० ला पहिल्यांदा गेला, आणि त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला होते, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, १९ वे. हा वेळ आजच्या मॅरेथॉनशी ताडून बघणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की चौगुले आजच्यापेक्षा ५५५ मीटर जास्त धावले होते, आणि तरी ब्रिटनमध्ये १९०८ ला जिंकलेल्या हेजच्या आधी पोचले असते. दिवस, हवा, रस्ता वेगळा होता हे मान्य, तरी ही कामगिरी आपल्याकडे जितकी सांगितली जायला हवी तितकी जात नाही. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेने ४२.१९५ पक्कं केलं आणि १९२४ च्या पॅरिसपासून तेच आहे.

आता हा आकडा आम्ही रस्त्यावर कसा उतरवतो ते सांगतो, कारण बरेच रनर आपल्या जीपीएस घड्याळात ४२.६ किलोमीटर दिसलं की आयोजकांना शिव्या घालतात. मापणी सायकलने होते, पुढच्या चाकाला जोन्स काऊंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावून. आधी स्टीलच्या टेपने एक सरळ पट्टा मोजून घ्यायचा, त्याच्यावर सायकल परत परत चालवून चाकाचे आकडे घ्यायचे, मग पहाटे रस्ता मोकळा असताना, पुढे-मागे पोलिसांची गाडी घेऊन, धावणारा जो सगळ्यात जवळचा रस्ता पकडू शकेल तोच पकडायचा, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर. काम संपलं की परत त्याच पट्ट्यावर सायकल तपासायची, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा बदलते. आणि या सगळ्यावर हजारात एक इतकं जास्त अंतर ठेवायचं, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, की कोर्स चुकूनही कमी भरू नये. एवढं सगळं एका जुन्या दाराने ठरवलेल्या आकड्यासाठी, आणि मला ते अगदी योग्य वाटतं, कारण आकडा कुठूनही आला असला तरी तो सगळ्यांना सारखा असला पाहिजे.

१९०८ चं बाकीचंही बरंच आहे, पटकन सांगतो. सायकलिंगच्या १००० मीटर स्प्रिंटची फायनल ठरलेल्या वेळेपेक्षा हळू झाली म्हणून रद्दच केली, कोणालाच पदक नाही. हॉकी ऑलिम्पिकमध्ये याच वर्षी आली, सहा संघ, फायनलला इंग्लंडने आयर्लंडला ८-१ ने हरवलं. लहानपणी पोलिओ झालेल्या रे एव्रीने उभ्या जागेवरून मारायच्या दोन्ही उड्यांची गोल्ड घेतली, मला वाटतं त्या वर्षातला सगळ्यात मोठा खेळाडू तोच. 'जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं' हे जे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर बघतो त्याचं मूळही इथेच, १९ जुलैला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये मध्य पेनसिल्व्हेनियाच्या बिशपनी केलेल्या प्रवचनात, आणि काही दिवसांनी आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कुबेर्तांनी ते उचललं. बाहेर झेंड्यावरून आणि बुटावरून भांडणं चालू असताना कोणीतरी ते बोललं हे विशेष. आणि जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटना, फिना, त्याच महिन्यात लंडनमध्येच स्थापन झाली. ॲथलेटिक्सवाल्यांना चार वर्षं लागली, १७ जुलै १९१२, स्टॉकहोम. त्या स्टॉकहोमला ४०० ची फायनल लेनमध्ये पळवली.

आता शेवटचा प्रश्न, आज झालं असतं तर. आजच्या नियमात पडलेल्या माणसाला अधिकाऱ्याने नुसतं उभं राहायला मदत केली तर ती मदत धरत नाहीत, डॉक्टरने रेस चालू असताना हात लावून तपासलं तरी बाद होत नाही. म्हणजे अँड्र्यूने त्याला पहिल्यांदा उठवून सोडून दिलं असतं तर डोरांडो रेसमध्ये राहिला असता. पण उभं केल्यावर दंडाला धरून पुढे नेलं, तिथे संपलं, आजही बाद. एक अजून, आजच्या रेफरीने किंवा मेडिकल टीमने त्याची ती अवस्था बघून त्याला लाईनपर्यंत जाऊच दिलं नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पडल्यावर डॉक्टरने थांबवलं असतं आणि डॉक्टरने थांब म्हटलं की थांबावंच लागतं. तेव्हा गोल्ड कुठल्याच रस्त्याने हेजचंच. आणि ४०० चं विचाराल तर आजचा रेफरी पण तेच करू शकतो, अडवणाऱ्याला बाद करून बाकीच्यांची रेस पुन्हा घेणं, नियमात तशी तरतूद आहे. फरक इतकाच की आज प्रत्येकजण आपापल्या लेनमध्ये असता, पूर्ण रेस व्हिडिओवर असती, निर्णयावर अपील ऐकायला ज्युरी असती आणि त्या ज्युरीत सगळे एकाच देशाचे नसते. तसं असतं तर रॉबिन्स आणि टेलर २५ तारखेला धावायला आले असते असं मला वाटतं.